कागदावर अठरा मीटर रस्ता, त्यावर बावीस मजले: जबाबदार नक्की कोण?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. बाणेरला 2008 साली बांधलेल्या सात मजली सोसायटीत आम्ही राहतो. गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या रस्त्यावर वीस-बावीस मजल्यांचे सहा टॉवर उभे राहिले. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, रस्ता 18 मीटरचा आहे, पण चौकाजवळ तो वीस फूटसुद्धा भरत नाही. मार्च लागला की टँकर, पाऊस लागला की ड्रेनेज वर. बिल्डर म्हणतो सगळं मंजूर आहे, महापालिका म्हणते नियमात आहे, नगरसेवक म्हणतात प्रशासनाला विचारा. मग यात दोष कोणाचा?

मी आर्किटेक्ट आहे. पुण्यात नकाशे मंजूर करून घेणं हे माझं पोटापाण्याचं काम. म्हणजे टेबलाच्या ज्या बाजूला बिल्डर बसतो त्याच बाजूला मी बसतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तुम्हाला मिळालेली उत्तरं टोलवाटोलवीची वाटतात, पण पहिली दोन बहुधा खरी आहेत. ते सहाही टॉवर नियमात बसत असणार. तुमचा रस्ता बेकायदा बांधकामांनी तुंबलेला नाही, तो कायदेशीर परवानग्यांच्या बेरजेनं तुंबला आहे. आणि ही बेरीज करणं आपल्याकडे कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही. ते काम कोणावर तरी टाकण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो पहिला जबाबदार, असं माझं मत आहे. म्हणजे राज्याचं नगरविकास खातं. महापालिका त्याच्यानंतर. बिल्डर तिसरा, आणि तिसरा म्हणजे निर्दोष असं नव्हे.

परवानगीच्या फाइलमध्ये काय असतं ते आधी पाहू. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सरकारी मोजणी, झोन दाखला, नकाशे, एफएसआयचा (जमिनीच्या किती पट बांधता येईल त्या प्रमाणाचा) तक्ता, अग्निशमन दलाची ना हरकत, झाडांसाठी उद्यान खात्याची, ड्रेनेज खात्याची. बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर गेलं तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी. तपासणारा इंजिनिअर साइड मार्जिन बघतो, जिना बघतो, पार्किंग मोजतो. हे सगळं त्या एका भूखंडापुरतं. या रस्त्यावरची ही सहावी फाइल आहे, आधीच्या पाचांनी किती पाणी, किती सांडपाणी, किती गाड्या वाढवल्या, असा रकाना कुठेही नाही. एखाद्या इंजिनिअरला ते दिसलं तरी त्या कारणावर फाइल नामंजूर करण्याचा आधार त्याच्याकडे नाही. नियमात बसणारा नकाशा अडवला तर वरून विचारणा त्यालाच होते.

आता तुमच्या 18 मीटरकडे येऊ. डिसेंबर 2020 मध्ये राज्यानं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर महाराष्ट्रभर ती एकच. तिच्यात एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. पुण्यात 15 ते 24 मीटरच्या रस्त्यावर मूळ 1.10, पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय 0.50 आणि टीडीआर (दुसरीकडे सार्वजनिक कामाला जमीन दिल्याबद्दल मिळालेला, विकत घेता येणारा बांधकामाचा हक्क) 0.90, एकूण 2.50. त्याच्या वर निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे 4.00 पर्यंत. हा चारचा आकडा ऐकून लोक हादरतात, तर इथे थोडं थांबायला हवं. पूर्वी जिने, लिफ्ट, बाल्कनी अशा गोष्टी एफएसआयच्या हिशोबाबाहेर राहायच्या. आता त्या आत घेतल्या आणि त्यांच्यासाठी ही वाढ दिली. त्यामुळे तुलना 2.50 शी करणं रास्त. तुमची सोसायटी झाली तेव्हा मूळ 1 आणि वर 0.40 टीडीआर असा साधारण हिशोब होता. 1.40 चे 2.50 झाले, म्हणजे त्याच जमिनीवर जवळपास पावणेदोनपट घरं. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या आत तर नियम याहून उदार आहेत.

यातली मेख अशी की रुंदी मोजताना डीपीत दाखवलेला रस्ता धरता येतो. जागेवर तो वीस फूट असला तरी. टॉवर 18 मीटरच्या रस्त्यावर मंजूर होतो आणि त्यातली माणसं वीस फुटांतून बाहेर पडतात. प्रत्येक बिल्डर आपल्या हद्दीपुरती रस्त्याची पट्टी महापालिकेला देतो, त्याबदल्यात एफएसआय किंवा टीडीआर घेतो, तेवढाच तुकडा रुंद होतो. चौकाजवळ ज्या मालकाला काही बांधायचं नाही, तो टीडीआर घ्यायला तयार नसतो. त्याला रोख मोबदला हवा असतो, आणि 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या दरानं तो मागण्याचा त्याला हक्कही आहे. महापालिकेकडे तेवढे पैसे नसतात. रस्त्याचा तो अरुंद गळा तिथेच राहतो. कात्रज-कोंढवा रस्ता 84 मीटरचा व्हायचा होता. 2018 मध्ये भूमिपूजन झालं, जागा मिळेना, अखेर रुंदी 50 मीटरवर आणली. तुमच्या घरामागचा बालेवाडी-वाकड जोडणारा मुळेवरचा पूल आठवा. पूल वर्षानुवर्षं उभा होता, पुण्याच्या बाजूच्या जोडरस्त्याची जागा ताब्यात नव्हती.

एफएसआय वाढवताना नगरविकास खात्यानं एवढंच म्हटलं असतं की वाढीव भाग वापरायचा तर रस्ता जागेवर पूर्ण रुंदीचा हवा आणि पाणीपुरवठा खात्याचा क्षमतेचा दाखला हवा, तर तुमचे सहा टॉवर थांबले नसते, पण त्यांचा क्रम बदलला असता. ती अट घातली गेली नाही. म्हणून मी पहिलं बोट मंत्रालयाकडे दाखवतो.

दुसरं कारण डीपीचं. जुन्या पुण्याचा डीपी 1987 साली मंजूर झाला. पुढचा, 2007 ते 2027 चा, प्रारूप स्वरूपात 2013 मध्ये बाहेर आला आणि त्यावर 87 हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. सुनावणीसाठी नेमलेल्या समितीतच दोन तट पडले आणि दोन वेगळे अहवाल झाले. मार्च 2015 मध्ये राज्यानं डीपी महापालिकेच्या हातून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जानेवारी 2017 मध्ये मंजुरी दिली. वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षं मंजुरीतच गेली. त्या दहा वर्षांत शहर थांबलं नव्हतं.

तुमचं बाणेर तर त्या जुन्या हद्दीतही नाही. बाणेर, बालेवाडी, खराडी ही गावं 1997 च्या हद्दवाढीतली. त्यांचा आराखडा तुकड्यातुकड्यानं मंजूर झाला. टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाचा निर्णय व्हायला 2015 उजाडलं. 2017 मध्ये आणखी 11 गावं आली, 30 जून 2021 ला आणखी 23. शेजारचं म्हाळुंगे आणि सूस त्यातलीच. महापालिकेत येण्याआधी या गावांत परवानग्या जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळत, 2015 नंतर पीएमआरडीएतून, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणातून. म्हणजे टॉवर एकानं मंजूर करायचे आणि हद्दवाढ झाल्यावर पाणी-ड्रेनेज दुसऱ्यानं पुरवायचं. वाघोलीत काय झालं ते नगर रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही विचारा. लग्न आधी आणि मुलगी बघायला नंतर, असा हा प्रकार आहे.

संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीला तीस वर्षं होऊन गेली. बाराव्या अनुसूचीत शहराच्या कामांच्या यादीत पहिलंच काम नगर नियोजन आहे. प्रत्यक्षात 1966 च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानं शेवटचा शब्द राज्याचाच राहिला. आराखड्याला मंजुरी राज्याची, कलम 37 खाली मंजूर आराखड्यात फेरबदल करायची मंजुरी राज्याची, कलम 154 खाली निर्देश देण्याचा अधिकारही राज्याचा. आपल्या रस्त्यावर किती मजले व्हावेत हे ज्यांनी ठरवलं, त्यांना तुमच्या चौकात मतं मागायला यावं लागत नाही.

पाण्याचा हिशोब मी नेहमी लोकांना कागदावर करून दाखवतो. निकष माणशी रोज 135 लिटरचा. घरात पाच माणसं धरली तर 675 लिटर. एका टॉवरमध्ये शंभर घरं म्हणजे 67,500 लिटर, दहा हजार लिटरचे सात टँकर. सहा टॉवर म्हणजे रोजचं चार लाख लिटर. हे चार लाख ज्या जलवाहिनीतून यायचं ती टाकताना इतकी घरं कोणाच्या डोक्यातही नव्हती. पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांची साठवण मिळून साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात शेतीचाही वाटा आहे, आणि मजले वाढले म्हणून धरणं वाढत नाहीत. सांडपाण्याचंही तेच. गेलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के परत ड्रेनेजमध्ये येतं, असं आमच्या धंद्यात धरतात. तुमच्या रस्त्याखालची वाहिनी जुनीच असेल, तर ती पावसाळ्यात वर येणं हा अपघात नाही.

मग पाणी नसताना परवानगी मिळते कशी? हमीपत्रावर. महापालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत रहिवाशांना पाण्याची सोय मी स्वखर्चानं करीन, असं बिल्डर लिहून देतो. इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. हे हमीपत्र असतं हेच बहुतेक फ्लॅटधारकांना ठाऊक नसतं, आणि ज्या कार्यालयानं ते घेतलं ते पुन्हा उघडून पाहत नाही. इथे मी महापालिकेला सोडणार नाही. पाणी, गटार आणि रस्ते ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे तिची बंधनकारक कर्तव्यं आहेत. आपलं कर्तव्य बिल्डरच्या स्टॅम्पपेपरवर टाकून तिला मोकळं होता येत नाही. 2016 मध्ये बाणेर-बालेवाडीच्याच पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयानं नव्या बांधकामांच्या परवानग्या काही काळ रोखल्या होत्या. एरवी ज्या फाइली कोणालाच थांबवता येत नाहीत, त्या तेव्हा थांबल्या.

महापालिका स्वतःहून का थांबवत नाही याचं उत्तर तिच्या अंदाजपत्रकात आहे. बांधकाम विकास शुल्क आणि प्रीमियम हा तिच्या उत्पन्नाचा मोठा खांब आहे. जीएसटीचं अनुदान आणि मिळकतकर यांच्या जोडीला तोच. प्रीमियममध्ये राज्याचाही वाटा असतो. म्हणजे परवानगी देणाऱ्या दोघांनाही परवानगीतून पैसे मिळतात. जानेवारी 2021 मध्ये कोविडनंतरचा धंदा सावरायला म्हणून राज्यानं प्रीमियममध्ये वर्षअखेरपर्यंत 50 टक्के सवलत दिली, बदल्यात ग्राहकांची स्टॅम्प ड्यूटी बिल्डरनं भरायची. त्या वर्षी आमच्यासारख्यांच्या ऑफिसात रात्री उशिरापर्यंत दिवे असायचे. बिल्डरांनी पुढच्या प्रकल्पांचेही प्रीमियम भरून ठेवले. आज तुमच्यासमोर जे टॉवर आहेत त्यांतले काही त्याच गर्दीतले असू शकतात. हा पैसा त्याच परिसराच्या रस्त्या-पाण्यावर खर्च व्हावा असं बंधन असतं तर माझी तक्रार निम्मी झाली असती.

2020 च्या त्याच नियमावलीनं अ‍ॅमेनिटी स्पेसही, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी सोडायची जागाही, आखडती केली. पूर्वी एकरभराच्या थोड्या वरच्या प्रकल्पालाही ती सोडावी लागे. नियमावली आली तेव्हा 20,000 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला ती उरली नाही, त्यावर पाच टक्के राहिली. तुमच्या रस्त्यावरचे सहा भूखंड वेगवेगळ्या मालकांचे, प्रत्येक पाच एकरांच्या आतला. म्हणजे इतकी कुटुंबं येऊनही दवाखाना, भाजी मंडई किंवा बसथांब्यासाठी गुंठाभर जागा सुटली नसणार.

आता बिल्डर. नियम जेवढं देईल तेवढं तो बांधणार, हे गृहीत धरायला हवं. जमिनीचा भावच आता संपूर्ण एफएसआय धरून ठरतो, त्यामुळे कमी बांधायची सोय त्याला उरत नाही, आणि मालकही कमी घेत नाही. त्याला दोष द्यायचा तो वेगळ्या जागी. नियम घडताना त्यांच्या संघटना जोर लावतात, तिथे. ओढ्याला भिंती घालून त्याचा नाला आणि नाल्याचा पाइप केला जातो, तिथे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्याच्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि त्याची किंमत दिसली. आणि माहितीपत्रकात 18 मीटरचा गुळगुळीत रस्ता, दुतर्फा झाडं असं चित्र छापलं जातं, तिथे. ते चित्र काढणारा कधीकधी माझ्याच ऑफिसातला मुलगा असतो.

नगरसेवकांबद्दल लोक फार बोलतात, मी कमी बोलेन. मार्च 2022 मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच होता, त्या काळात टॉवर थांबले नाहीत. नकाशावर त्यांची सही नसते. पण डीपीतली आरक्षणं उठवण्याचे ठराव सभागृहातूनच जातात. 2020 मध्ये सव्वातीनशेच्या आसपास सहा मीटरच्या गल्ल्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला, तो स्थायी समितीतूनच. नऊ मीटर झाल्यावर टीडीआर वापरता येतो, हा त्यातला खरा फायदा. गल्लीतल्या जुन्या सोसायट्यांनाही तो हवाच होता.

म्हणून एक कडू गोष्ट. ज्यांच्या रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत अशा सोसायट्यांच्या बैठकांना मी जातो. तिथे पहिला प्रश्न असतो, आम्हाला जास्तीत जास्त किती एफएसआय मिळेल? शेजारचा टॉवर नियोजनाचा बोजवारा असतो, आपला टॉवर हक्क असतो. मी हे टोचून बोलत नाहीये, साठ वर्षांच्या माणसाला लिफ्ट आणि एक खोली जास्त हवी असते हे मला कळतं. फक्त मागणी बिल्डरकडूनच येते असं समजू नका.

आणि उंचीवर राग काढू नका. बावीस मजले, भोवती मोकळी जमीन, समोर खरा 24 मीटरचा रस्ता, हे चार मजल्यांच्या भिंतीला भिंत लागलेल्या गुंठेवारीपेक्षा कधीही बरं. धायरी, नऱ्ह्याच्या काही गल्ल्यांत अ‍ॅम्ब्युलन्स वळत नाही, तिथे टॉवर नाहीत. आधी रस्ते आखून, सगळ्यांची थोडीथोडी जमीन घेऊन, मग भूखंड परत द्यायचे ही टीपी (नगररचना) स्कीमची पद्धत पुण्याला नवी नाही. भांबुर्डा आणि संगमवाडीत ती फार पूर्वी झाली. पीएमआरडीएनं म्हाळुंगे-माणला ती हाती घेतली आहे. वेळखाऊ आहे, पण जमीन मोकळी असेपर्यंतच जमते. बाणेरला ती वेळ निघून गेली.

तुमच्या हातात काय आहे? माहितीच्या अधिकारात टॉवरच्या फाइली बघायला मागा. मागताना मंजुरीच्या अटी, पाण्याचं हमीपत्र आणि रस्त्याच्या पट्टीची ताबा पावती, एवढंच नाव घेऊन मागा. सगळी फाइल मागितली की महिने जातात. टॉवरमधल्या रहिवाशांना शत्रू समजू नका, टँकरचं बिल तेच भरतात. हमीपत्र त्यांच्या पाण्यासाठी लिहून दिलेलं आहे, त्यामुळे महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांवरच्या नियामकाकडे, जायचा मुद्दा त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा भक्कम आहे. त्याच ले-आउटमध्ये बिल्डर आणखी इमारत घुसवत असेल, तर रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ती घेतली का, हेही त्यांनीच विचारायचं.

चौकातल्या गळ्यासाठी सगळ्या सोसायट्यांचं मिळून एकच पत्र आयुक्तांना द्या. त्यात टॉवरचा उल्लेख नको. फक्त त्या एका तुकड्याचं भूसंपादन आणि पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद. अंदाजपत्रक तयार होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आसपास ते पोचलं पाहिजे. मार्चमध्ये दिलेलं पत्र पुढच्या वर्षीचं होतं.

कलम 37 च्या फेरबदलाच्या नोटिसा राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. हरकतीला एक महिना मिळतो. सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त माणसाला ते काम द्या. हरकतीत "उंच इमारती नकोत" असं लिहू नका, त्याला उत्तर तयार असतं. रस्त्याची तीन ठिकाणी टेपनं मोजलेली रुंदी, वर्षभराच्या टँकरच्या पावत्या आणि ड्रेनेज वर आल्याच्या तक्रारींचे क्रमांक जोडा. या प्रस्तावानं किती घरं वाढणार आणि त्यांचं पाणी कोणत्या वाहिनीतून येणार, एवढेच दोन प्रश्न विचारा, आणि सुनावणीला गेल्यावर दोन्ही इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर वकील तोच कागद आधी मागतो.